किलमार्टिन एका दिवसात कसं बघावं: तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

किलमार्टिनहून परतलेल्यांची तक्रार ठरलेली असते: शेतात चार दगड उभे आहेत, त्यासाठी एवढा रस्ता तुडवला. खोदून विचारलं की कळतं, मंडळी ओबनला जाता जाता दुपारी एक वाजता थांबली, कार पार्कपासून सगळ्यांत जवळच्या दगडांसमोर फोटो काढले आणि अर्ध्या तासात निघाली. अशा भेटीत चार दगडच दिसणार.

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या आर्गाइल भागातलं हे गाव अगदी छोटं आहे. एक म्युझियम, एक चर्च, एक हॉटेल आणि थोडी घरं. पण आसपासच्या काही मैलांत शेकडो प्राचीन अवशेष विखुरलेत: दगडी थडगी, उभे दगड, कातळशिल्पं, एका जुन्या राज्याचा किल्ला आणि त्याच्या पायथ्याशी पसरलेली दलदल. जवळपास सगळं उघड्यावर आहे आणि फुकट आहे. तिकीट नाही, गाइड नाही, दोरी लावलेला मार्ग नाही. त्यामुळे काय आधी बघायचं आणि कोणत्या वेळी, हे तुम्हालाच ठरवावं लागतं, आणि घोळ तिथेच होतो. पाहुण्यांना मी जो क्रम लिहून देतो, तोच खाली सविस्तर दिला आहे.

## 1. दिवस ठरवणं

मे आणि जूनचा पहिला पंधरवडा सगळ्यांत चांगला. पाऊस तुलनेने कमी, उजेड रात्री दहापर्यंत आणि नेचे अजून कमरेपर्यंत वाढलेले नसतात. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दीपेक्षा त्रास मिजचा, म्हणजे तिथल्या बारीक चावऱ्या चिलटांचा. सप्टेंबर चांगला. डिसेंबर-जानेवारीत सूर्य पावणेचारच्या सुमारास मावळतो, त्यामुळे खालचा बेत एका दिवसात बसत नाही. शिवाय हिवाळ्यात म्युझियमच्या वेळा आखडतात आणि काही आठवडे ते बंदही असतं.

महिन्याइतकंच महत्त्व दिवसातल्या वेळेला आहे. इथली बरीच कोरीव कामं इतकी उथळ आहेत की ऊन वरून पडलं की ती चक्क नाहीशी होतात. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर कातळशिल्पं बघायला गेलेल्यांना हे सांगावं लागत नाही. म्हणून कोरीव कातळ सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, आणि थडगी, किल्ला, म्युझियम मधल्या वेळात, हा या बेताचा कणा आहे. बाकी काही बदललंत तरी चालेल, हे बदलू नका.

तपासा: निघण्याच्या आदल्या दिवशी म्युझियमच्या वेबसाइटवर त्या दिवसाची वेळ बघा. 2023 च्या सप्टेंबरमध्ये नूतनीकरण होऊन ते नव्याने उघडलं, त्यामुळे जुन्या प्रवासवर्णनांतल्या वेळा आणि तिकिटाचे दर धरून चालू नका.

## 2. पोहोचणं

ओबनहून ए816 रस्त्याने सुमारे 47 किलोमीटर. आकडा छोटा वाटतो, पण रस्ता सारखा वळणं घेतो. एक तास धरा. लॉखगिल्पहेडहून सुमारे 13 किलोमीटर, पंधरा-वीस मिनिटं. ग्लासगोहून यायचं तर लोमंड सरोवराच्या काठाने वर, मग ए83 धरून इन्वरारी आणि लॉखगिल्पहेड. या सगळ्याला न थांबता अडीच तास लागतात. न थांबता कोणी जात नाही, म्हणून तीन-साडेतीन धरा.

सावधान: ए83 वर ‘रेस्ट अँड बी थँकफुल’ नावाचा घाट लागतो. जोरदार पावसानंतर तिथे दरड येते आणि रस्ता बंद होतो. कधी खालच्या जुन्या रस्त्याने ताफ्याताफ्याने गाड्या सोडतात. निघण्यापूर्वी ट्रॅफिक स्कॉटलंडच्या वेबसाइटवर बघितलंत तर दोन मिनिटांचं काम आहे. न बघता गेलात आणि घाट बंद निघाला, तर वळसा मोठा पडतो.

भारतातल्या लायसन्सवर पर्यटकाला इथे गाडी चालवता येते आणि गाड्याही आपल्यासारख्याच डावीकडून चालतात, त्यामुळे ती भीती नको. गोंधळ होतो तो एकेरी रस्त्यांवर. समोरून गाडी आली की जवळच्या ‘पासिंग प्लेस’ला थांबून वाट द्यायची. ती जागा तुमच्या डावीकडे असेल तर तिच्यात शिरायचं. उजवीकडे असेल तर आपल्याच बाजूला तिच्यासमोर थांबायचं, म्हणजे समोरचा तिच्यातून वळसा घेऊन जातो. मागून घाईतला स्थानिक आला तर त्यालाही जाऊ द्यायचं. आणि तिथे गाडी लावून फोटो काढायला कधीही उतरायचं नाही.

गाडी नसेल तर ओबन ते लॉखगिल्पहेड 423 नंबरची बस किलमार्टिनमधून जाते. ग्लासगोहून 926 नंबरची कॅम्पबेलटाउनची बस लॉखगिल्पहेडला सोडते. 423 च्या फेऱ्या मोजक्या आहेत. रविवारचा बेत तिच्या भरवशावर आखू नका. बसने येणाऱ्यांनी टप्पे 5 आणि 6 नीट करावेत आणि बाकीच्यांचा मोह सोडावा. ए816 वर गावाबाहेर फुटपाथ नाही आणि गाड्या वेगात असतात, तेव्हा ‘दोन मैल तर आहे, चालत जाऊ’ हा विचार नको.

## 3. पिशवीत काय

छत्री घरी ठेवा. इथला पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो. छत्री उलटी होते आणि हात अडकतो तो वेगळाच. टोपीचं वॉटरप्रूफ जॅकेट आणि जमलं तर तशीच पँट. पायात घोट्यापर्यंतचे, ओल्या दगडावर पकड देणारे बूट. पांढरे स्पोर्ट्स शूज घालून आलेला माणूस पहिल्याच शेतात ओळखू येतो.

टॉर्च घ्याच, मोबाइलची नव्हे, वेगळी. का ते टप्पा 6 आणि 9 मध्ये येईल. सोबत आख्ख्या परिसराचा नकाशा हवा, कारण खोऱ्यात नेटवर्क येतं-जातं. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश नकाशासंस्थेचा लँडरेंजर 55 नंबरचा कागदी नकाशा किंवा फोनवर आधीच उतरवून घेतलेला नकाशा, दोन्ही चालेल. मिजसाठी मलम आणि डोक्यावरून घ्यायची जाळी. ती दिसायला विचित्र असते, पण वारा पडलेल्या संध्याकाळी लाज पाच मिनिटांत जाते.

खाण्याचं म्हणाल तर म्युझियमच्या कॅफेत शाकाहारी माणसाचं भागतं, पण ते संध्याकाळपर्यंत उघडं नसतं. पेट्रोल आणि किराणा ओबनला किंवा लॉखगिल्पहेडला भरून घ्या. दशम्या, चटणी आणि थर्मासमध्ये चहा असेल तर दुपारी उपाहारगृह शोधण्यात जाणारा तास वाचतो. खाऊन झाल्यावर कचरा परत पिशवीत. अवशेषांपाशी कुंड्या नाहीत. स्वच्छतागृहंही नाहीत, तेव्हा म्युझियममध्ये ते आठवणीने उरकून घ्या.

## 4. सकाळी आधी कार्नासरीचा किल्ला

म्युझियम उघडायला अवकाश असतो आणि बहुतेक जण त्याच्या दाराशी ताटकळत बसतात. तो वेळ गावाच्या उत्तरेला दीड-दोन किलोमीटरवर असलेल्या कार्नासरीला द्या. ओबनहून येत असाल तर तो वाटेतच लागतो. रस्त्यालगत कार पार्क आहे, तिथून थोडा चढ.

1560 च्या दशकात जॉन कार्सवेल या धर्मगुरूने हा वाडा-किल्ला बांधवून घेतला. 1567 मध्ये छापलेलं गेलिक, म्हणजे स्कॉटलंड-आयर्लंडमधल्या जुन्या भाषेतलं पहिलं पुस्तक याच कार्सवेलने भाषांतरित केलेलं. 1685 च्या बंडात किल्ल्याचा काही भाग सुरुंगाने उडवला, म्हणून आज छप्पर नाही. दारावरची कोरीव चौकट आणि आतलं मोठं शेगडीचं कोनाडं बघा. चाळीस मिनिटं पुष्कळ झाली.

तपासा: चिरे निखळण्याच्या भीतीने अशा इमारतींचे काही भाग अधूनमधून बंद ठेवतात. स्मारकं सांभाळणाऱ्या हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट स्कॉटलंड या संस्थेच्या पानावर त्याची सूचना असते. बंद असेल तर कुंपण ओलांडू नका, सरळ गावात या.

## 5. म्युझियम, मग चर्चचं आवार

‘परत येताना बघू’ म्हणून म्युझियम शेवटी ठेवणं ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. परत येता तेव्हा ते बंद झालेलं असतं. आणि उघडं असलं तरी उपयोग अर्धाच, कारण बाहेरच्या दगडी पेट्या आज रिकाम्या आहेत. त्यांत सापडलेली मातीची भांडी, मणी, गारगोटीची हत्यारं आत मांडली आहेत. आधी भांडं बघितलेलं असेल तर नंतर रिकामी पेटी बघताना त्यात काय होतं ते कळतं.

सव्वा तास ठेवा. सगळे फलक वाचत बसू नका. खोऱ्याचा नकाशा, थडग्यांतल्या वस्तू आणि डनॅडचा, म्हणजे त्या जुन्या राज्याच्या किल्ल्याचा भाग, एवढं नीट बघा. तुम्ही ज्या रांगेने चालणार आहात, त्या अवशेषांची नावं नकाशावर बोटाने एकदा जोडून घ्या.

बाहेर पडल्यावर शेजारच्या चर्चच्या आवारात मध्ययुगीन थडग्यांवरचे कोरीव दगड छताखाली ठेवले आहेत. तलवारी, चिलखतातले योद्धे, वेलबुट्टी. पंधरा मिनिटांचं काम आहे, पण हे इतकं जवळ असूनही अनेकांच्या नजरेतून सुटतं.

## 6. खोऱ्यातली पायपीट

हा दिवसाचा मुख्य भाग आहे. गाडी गावातच राहू द्या. गाव ते उभे दगड आणि परत, फाटे धरून साधारण पाच किलोमीटर होतात. वाट सपाट आहे. अडीच तास द्या.

गाडीने एकेका ठिकाणी उतरत गेलं की सगळं सुटं सुटं दिसतं. चालत गेलं की ध्यानात येतं, ही थडगी एका ओळीत आहेत: गावाखालचं ग्लीब केर्न, मग नेदर लार्गी उत्तर, मध्य, दक्षिण आणि पुढे री क्रुइन. केर्न म्हणजे गोट्यांचा रचलेला मोठा ढीग, पोटात मृतासाठी दगडी पेटी. दोन ढिगांच्या मध्ये उभं राहून मागे-पुढे बघा. रेघ डोळ्यांना दिसते.

ग्लीब केर्न. इथे आत जाता येत नाही. प्रदक्षिणा घाला आणि पुढे चला. 1864 मध्ये इथे उत्खनन झालं होतं, त्याची हकिगत तुम्ही म्युझियममध्ये वाचलेली असेलच.

नेदर लार्गी उत्तर. इथे घाई करायची नाही. ढिगाच्या माथ्यावर एक सरकतं झाकण आहे. ते सरकवून पायऱ्यांनी खाली उतरलं की आपण काँक्रीटच्या खोलीत येतो. काँक्रीट विसाव्या शतकातलं, उत्खननानंतर घातलेलं; ते बघून बरेच जण नाक मुरडून लगेच वर येतात. थांबा. खाली दगडी पेटी आहे आणि तिच्या झाकणाचा मोठा दगड कोरलेला आहे. टॉर्च समोरून मारली तर फक्त करडा खडक दिसतो. आता टॉर्च दगडाच्या कडेला टेकवून प्रकाश पृष्ठभागावरून आडवा सरकू द्या. वाटीएवढ्या खळग्यांच्या एका कडेला काळ्या चंद्रकोरी उमटतात आणि मग त्यांच्या मधून कुऱ्हाडीच्या पात्यांचे आकार वर येतात: एका बाजूला निमुळते, दुसऱ्या बाजूला पसरट. टॉर्च हळूहळू फिरवत राहा, कोन बदलला की आणखी एखादं पातं दिसतं. सुमारे 4,000 वर्षांपूर्वीचं, म्हणजे कांस्ययुग नुकतं सुरू झालं होतं तेव्हाचं हे काम आहे. ज्याच्या थडग्यावर धातूची कुऱ्हाड कोरली, तो साधासुधा माणूस नसणार.

सावधान: उतरताना पायऱ्या ओल्या असतात आणि डोकं आपटतं. वर आल्यावर झाकण परत सरकवून बंद करा, नाहीतर पाऊस आत जातो. दगडावर हात फिरवू नका, खडूने रेघा ओढू नका, कागद ठेवून शिसपेन्सिलने घासू नका. हे संरक्षित स्मारक आहे आणि त्याला इजा करणं कायद्याने गुन्हा आहे.

नेदर लार्गी मध्य पाच मिनिटांत होतं. एका पेटीचं झाकण आत बघता यावं म्हणून वर उचलून ठेवलं आहे.

नेदर लार्गी दक्षिण ओळीतलं सगळ्यांत जुनं, सुमारे साडेपाच हजार वर्षांचं. बाकीच्या ढिगांत एकेका माणसाची बंद पेटी, इथे मात्र पुन्हा पुन्हा आत जाता यावं अशी लांबट दगडी खोली. वाकून आत जा, पाठ भिंतीला टेकवा आणि बाहेरच्या चौकोनी उजेडाकडे बघा. छताचे दगड केवढे आहेत ते आतूनच कळतं.

टेंपल वुड. झाडीत दोन दगडी वर्तुळं. नाव देवळाचं असलं तरी ते एकोणिसाव्या शतकातल्या लोकांनी दिलेलं, झाडंही तेव्हाचीच. इथे नेमकी एक गोष्ट शोधायची: मोठ्या वर्तुळातल्या उत्तरेकडच्या एका दगडावरचं नागमोडी वेटोळं. ते दगडाच्या एका बाजूवर सुरू होऊन कोपऱ्यावरून दुसऱ्या बाजूला वळतं. झाडांच्या सावलीत पटकन दिसत नाही. टॉर्च इथेही आडवीच धरा. न सापडल्यास माहितीफलकावरचं चित्र बघून पुन्हा शोधा, सोडून जाऊ नका.

नेदर लार्गीचे उभे दगड. पुढच्या शेतात, माणसापेक्षा उंच. मधल्या दगडावर वाटीसारखे खळगे आहेत. चंद्राच्या उगवण्या-मावळण्याच्या जागा टिपण्यासाठी ते रोवले असावेत, असं काही अभ्यासकांचं मत आहे. ज्यांचं ‘शेतात चार दगड’ म्हणून वर्णन होतं ते हेच. इथपर्यंत चालत आलेल्या माणसाला मात्र ते वेगळे दिसतात.

तपासा: वाटेतलं प्रत्येक फाटक जसं सापडलं तसं ठेवायचं, बंद असेल तर बंद. स्कॉटलंडमध्ये 2003 च्या कायद्याने शेतातून, माळावरून जबाबदारीने फिरायचा हक्क दिला आहे, पण एप्रिल-मे हा मेंढ्यांच्या विण्याचा काळ असतो. कोकरांच्या जवळ जाऊ नका. गायीबरोबर वासरू असेल तर लांबून वळसा घ्या. तिथल्या गायी आपल्या दारातल्यासारख्या गरीब समजू नका.

री क्रुइन थोडं पुढे आहे. तिथेही एका पेटीच्या दगडावर कुऱ्हाडी कोरल्या आहेत. पाय दुखत असतील तर हे गाळलंत तरी बिघडत नाही.

## 7. डनक्रेगेग आणि बॅलीमीनॉख

गावात परतून, डबा खाऊन गाडीने ए816 वर दक्षिणेला निघा. डनक्रेगेगचं केर्न रस्त्यालगत झाडीत आहे, जवळच कार पार्क. 2021 मध्ये इथल्या पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला हरणांची कोरीव चित्रं सापडल्याचं जाहीर झालं. शिंगवाली दोन हरणं स्पष्ट ओळखू येतात. स्कॉटलंडमध्ये एवढ्या जुन्या काळातली प्राण्यांची कोरीव चित्रं तोवर माहीत नव्हती. ती बघण्यासाठी पेटीत घुसायचा प्रयत्न मात्र करू नका. उथळ आहेत, साध्या डोळ्याला जेमतेम दिसतात आणि दगडाला धक्का लागण्याचा धोका आहे. त्यांचं त्रिमितीय चित्र इंटरनेटवर आहे, त्यात कितीतरी चांगली दिसतात.

तिथून पायवाटेने बॅलीमीनॉखचे उभे दगड. चार एका ओळीत, दोन बाजूला. नेदर लार्गीपेक्षा हे मला जास्त आवडतात, कारण इथे सहसा कोणी नसतं. अर्धा-पाऊण तास.

## 8. डनॅड

गावापासून सहा किलोमीटरभर दक्षिणेला सपाट दलदलीतून एक खडकाळ टेकाड एकदम वर येतं. उंची जेमतेम 54 मीटर. सिंहगड चढलेल्यांना हसू येईल, पण इथे पडणारे बहुतेक असेच हसणारे असतात. खडक गुळगुळीत आहे, वर गवताचा पातळ थर, पावसात तो तेल लावल्यासारखा होतो. हात मोकळे ठेवा, फोन खिशात.

सहाव्या ते नवव्या शतकाच्या सुमारास डाल रियाटा या गेलिक राज्याचं हे प्रमुख ठाणं होतं. 683 मध्ये इथे वेढा पडल्याची नोंद जुन्या बखरींत आहे आणि 736 मध्ये शेजारच्या पिक्ट लोकांचा राजा ओंगुस याने तो जिंकला. चढताना घाई न करता तट ओळखा: दोन खडकांमधल्या खिंडीतून आत शिरता तेच मुख्य दार, मग एकामागून एक चढत जाणाऱ्या सपाट्या, प्रत्येकीच्या कडेला ढासळलेल्या भिंती. माथ्याखालच्या सपाटीवर खडकात पावलाचा ठसा कोरलेला आहे. त्याच्या आसपास एक खोलगट वाटी, रानडुकराची पुसट आकृती आणि ओघम या जुन्या आयरिश लिपीतल्या रेघा. राजाला गादीवर बसवताना त्याने या ठशात पाय ठेवायचा, असं मानलं जातं.

ठशात पाय घालून बघायला हरकत नाही. मूळ कातळ जपण्यासाठी झाकून ठेवला आहे आणि वर दिसते ती प्रतिकृती. हे वाचून हिरमोड होतो खरा. पण तिथे उभं राहून कुठल्या दिशेला काय दिसतं, याची प्रतिकृती कोणी केलेली नाही.

आता माथ्यावर जा आणि पश्चिमेकडे बघा. खाली पसरली आहे ती मोइन वोर, म्हणजे मोठी दलदल. हजारो वर्षांत साचलेल्या शेवाळाचा थर, उन्हाळ्यात तांबूस-हिरवा, आणि त्यातून ॲड नदी मोठमोठी वेटोळी घेत समुद्राकडे जाते. हे राखीव निसर्गक्षेत्र आहे. चतुर आणि शिकारी पक्षी बघायचे असतील तर दुर्बीण इथेच काढा.

सावधान: वरून दलदल गवताच्या मैदानासारखी दिसते. आखलेली वाट सोडून तिच्यात उतरू नका. पाय गुडघ्यापर्यंत जातो आणि बूट आत राहतो. ड्रोन उडवायचा विचार असेल तर आधी परवानगी लागते.

## 9. आख्नाब्रेक, ऊन कललं की

लॉखगिल्पहेडच्या अलीकडे ए816 वरून आत वळायचं. वनखात्याचं कार पार्क आहे, तिथून झाडीतून थोडी चढाची वाट. ब्रिटनमधल्या सगळ्यांत मोठ्या कोरीव कातळांपैकी हे एक, सुमारे 5,000 वर्षांपूर्वीचं. मधोमध खळगा आणि त्याभोवती एकात एक कड्या. काही कड्यांचा समूह जवळजवळ मीटरभर रुंद.

दुपारी बाराला इथे येऊन ‘सापडलंच नाही’ म्हणणारे कुंपणाला टेकूनच उभे असतात. सूर्य खाली गेल्यावर या. मे-जूनमध्ये म्हणजे सात-साडेसातनंतर. ऊन जितकं आडवं, तितकी कड गडद. आभाळ भरलेलं असलं तरी एक मार्ग आहे: नुकताच पाऊस पडून गेला असेल तर खळग्यांत पाणी साचतं आणि आभाळाचा उजेड त्यात चमकतो, तेव्हा कोरीव काम उन्हापेक्षाही छान दिसतं. दोन्ही नसेल तर काळोख पडेपर्यंत थांबून टॉर्च आडवी धरा, पण मग उतरण्यासाठी दुसरी टॉर्च हवी.

कातळावर चढू नका, बूट काढूनही नाही. कुंपणाबाहेरून आणि बघण्याच्या ओट्यावरून पुरेसं दिसतं. फोटो उभं राहून खाली काढला तर सपाट येतो. खाली बसून, सूर्य एका बाजूला घेऊन काढा.

हीच मिजची वेळ असते. जाळी आत्ता काढा.

तपासा, दिवस ओबनहून सुरू केला असेल तर: आख्नाब्रेकहून ओबनला परत जायला तासापेक्षा जास्त लागतो आणि त्या वेळी रस्त्यावर हरणं येतात. मुक्काम लॉखगिल्पहेड किंवा केर्नबानला केलात तर सोयीचं. ज्यांचा मुक्काम तिथेच आहे त्यांनी सगळा क्रम उलटा करावा: पहाटेच्या उन्हात आख्नाब्रेक, मग थेट म्युझियम आणि खोरं, दुपारी डनॅड आणि जाता जाता कार्नासरी.

## पाऊस थांबतच नसेल तर

टप्पा 5 लांबवा आणि टप्पा 6 मधली फक्त आत शिरता येणारी दोन थडगी करा, नेदर लार्गी उत्तर आणि दक्षिण. डनॅड सोडून द्या, ओल्या खडकावर ते करण्यासारखं नाही. उरलेला वेळ क्रिनन कालव्याला. 1801 मध्ये सुरू झालेला हा कालवा आर्ड्रिशेग ते क्रिनन साधारण साडेचौदा किलोमीटर आहे आणि त्यावर 15 जलपाश, म्हणजे होडी वर-खाली नेणारे दारांचे हौद आहेत. केर्नबानपाशी काठाने अर्धा तास चाला. वाट सपाट आणि पक्की आहे. होडी येत असेल तर दारं कशी उघडतात, पाणी कसं चढतं ते बघायला मुलंही कंटाळत नाहीत.

## मुक्कामी पोहोचल्यावर

आंघोळीआधी गोचीड शोधा. नेच्यांतून, लांब गवतातून चाललेल्या प्रत्येकाने: गुडघ्याची मागची बाजू, जांघ, काख, कमरपट्ट्याची रेघ आणि मुलांच्या केसांत. खसखशीच्या दाण्याएवढीही असू शकते. तेल, तंबाखू, काडेपेटी असले घरगुती उपाय करू नका. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या चिमट्याने कातडीलगत पकडून सावकाश सरळ ओढा आणि जागा पुसून घ्या. पुढच्या काही आठवड्यांत तिथे पसरणारा लाल डाग उठला किंवा अंगात ताप भरला, तर स्कॉटलंडमध्ये फिरलो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. भारतात परतल्यावर असं झालं तर विशेष करून, कारण गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या लाइम आजाराचा विचार तिथे चटकन कोणाच्या मनात येत नाही.